वावर तुह्यं, चप्पल माही

मंगेश, तुझी तेरवी आटोपून मी वाशीमला परत आले आणि दुसऱ्याच दिवशी पुण्याहून फोन आला. आपला फोनवरचा खेळ बाजारात आणणाऱ्या बाई होत्या. आधी त्या तुझ्याबद्दल बोलल्या, मनापासून बोलल्या. मग म्हणाल्या, "शुभांगी, 'पांदण'च्या पहिल्या पडद्यावर काय लिहायचं ते आता ठरवायला हवं. इथे आम्हा सगळ्यांना वाटतं की 'मंगेशचा अखेरचा खेळ' असं यावं. लोक त्याला ओळखतात, त्याच्यासाठी येतील." विचार करून सांगते म्हटलं, फोन ठेवला आणि तुझ्या खुर्चीला लाथ मारली. चाकांची खुर्ची ती, घरंगळत भिंतीपर्यंत गेली. तिला परत टेबलाशी आणणं काही माझ्याच्यानं झालं नाही.

कारण 'पांदण' माझा खेळ होता. हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि आसिफला ठाऊक होतं. बाकी कोणाला सांगायची कधी गरजच पडली नाही. वेळ आली की तूच सांगशील असं मी धरून चालले होते. सांगितलं असतंस ना रे? मला आज याची खात्री देता येत नाही, आणि ज्याला विचारायचं तोच नाही. तुझ्यावर रडायचं की तुझ्याशी भांडायचं हे ठरवण्यातच माझा दिवस जातो.

भांडणाची सवय जुनी आहे. पॉलिटेक्निकला असताना आपली ओळखच भांडणातून झाली. तू जऊळक्याचा, मी इंझोरीची. तू 'गेम' म्हणायचास आणि मी हट्टानं 'खेळ' म्हणायचे, त्यावरून कँटीनमध्ये आपला चहा थंड झाला होता. मग कारंज्याचा आसिफ भेटला, जो लग्नांत साउंड लावायचा आणि दोन गाण्यांच्या मधली शांतता आवडते म्हणून घोड्यावरच्या नवरदेवाच्या शिव्या खायचा. आपण तिघांनी वाशीमला कृषी केंद्राच्या वरची खोली भाड्यानं घेतली. खाली खताची पोती, वर आपण. दुपारी लाइन गेली की खोलीत युरियाचा वास आणि घाम यांशिवाय काही नसायचं. दुकानवाले भाऊ जिन्यातून ओरडायचे, "काय बनवून राह्यले रे वरतं? इकायसाठी हाय का पाहायसाठी?" तू वरून उत्तर द्यायचास, "खेळासाठी, भाऊ!"

'राखण' तिथेच झाला. शेतातल्या माळ्यावर बसलेला म्हातारा, हातात गोफण, समोर भरात आलेली ज्वारी, आणि पाखरं. कोणाला मारायचं नाही, फक्त उडवायचं. थोडी ज्वारी पाखरं खाणारच, आणि त्यानं कोणी हरत नाही. हा नियम तुझा होता. हैदराबादचे ते लोक पैसे लावायला आले होते, म्हाताऱ्याच्या हातात बंदूक द्या म्हणाले, पाखरू पडलं की गुण द्या म्हणाले. मी आणि आसिफ गप्प बसलो होतो, कारण लॅपटॉप जुने झाले होते आणि धीरही. तूच त्यांना चहा पाजलास आणि जिन्यापर्यंत सोडायला गेलास. परत येऊन म्हणालास, "गेले बाप्पा." नाही म्हणणं तुला फार सोपं जायचं. ते किती अवघड असतं हे मला या आठवड्यात कळतंय.

पण पाखरं माझी होती, मंगेश. कोणता थवा कुठून येतो, कधी फसवून उलट फिरतो, म्हातारा त्यांच्याशी काय पुटपुटतो, हे सगळं मी लिहिलं आणि काढलं. आणि ती शांतता आसिफची होती. खेळात संगीतच नको हे त्याचं म्हणणं. तू तर केवढा उसळला होतास, "संगीत नसलं तं लोकायले वाटीन फोन बिघडला!" त्यानं तुला एक दिवस नुसती गोफणीची सूं आणि मग काहीच नाही, असं ऐकवलं, तेव्हा तू मान हलवलीस. पुढे खेळ गाजला. सगळ्यांनी लिहिलं की मंगेशच्या खेळात मोठी शांतता आहे. आणि तू त्या मुलाखतीत, आम्ही दोघं शेजारच्या खोलीतून ऐकत असताना, म्हणालास, "शांतता माझ्या मनात पहिल्यापासून होती." मी उठणार होते. आसिफनं हात धरला आणि हसत म्हणाला, "जाने दे ना. उसने रखी तो सही."

मला राग याचा नव्हता की तू खोटं बोललास. तू खोटं बोलत नव्हतास, तेच वाईट होतं. तुला खरोखर तसंच आठवत होतं. दुसऱ्याची चांगली गोष्ट तुझ्या पोटात गेली की ती तुझीच व्हायची, आणि तू ती इतक्या जिव्हाळ्यानं सांभाळायचास की परत मागायची आम्हालाच लाज वाटावी.

नावाचं भांडण खरं तर त्याच्या आधीच होऊन गेलं होतं. धनजला, तुझ्या मामाच्या वावरात, रोडग्यांच्या जेवणाला. आठवतं ना? भट्टीवर कणकेचे रोडगे, मोठ्या गंजात वांग्याची भाजी, आणि आपण धुऱ्यावर बसून 'राखण'च्या पहिल्या पडद्यावरून हातघाईवर आलेलो. तू म्हणालास, एकच नाव पाहिजे. मी विचारलं, काहून? तू गंजाकडे बोट दाखवलंस.

"तठी पाह्य. वांगे चिराले दहा जण, पण मीठ एकच जण टाकून राह्यला. दोघांनी टाकलं तं तोंडात घालता येणार नाई."

"मीठ तू टाकलं म्हणून वांगे तू पिकवले काय?"

"आता सावडीचं पाह्य मंग," तू म्हणालास, कारण हरायला लागलास की तू उदाहरण बदलायचास. "राबतात सारेच. पण त्या दिवशी वावर एकाचंच असते. कुठं काय पेरायचं थो सांगते."

इथे तू फसलास. सावड मला शिकवतोस? इंझोरीला माझ्या आईनं जन्मभर सावडीवर शेत केलं. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या वावरात राबायचं, उद्या त्याच सगळ्यांनी माझ्या. त्यात मजुरी नसते, फक्त बारी असते, आणि ती परत करावीच लागते. मी म्हटलं, "ठीक हाय. 'राखण' तुह्यं वावर. नाव तुह्यं. पण पुढची बारी माही. पुढचा खेळ माह्या वावरात, अन् तू तठी मजूर."

तू हातातला रोडगा ताटात ठेवलास, तुपाचा हात पँटीला पुसलास आणि पुढे केलास. "जबान हाय." आसिफ साक्षीला होता, पण त्याचं सगळं लक्ष वांग्याच्या भाजीत होतं.

मग वाशीमला तो सत्कार झाला. शाल, नारळ, आणि पाठीमागच्या बॅनरवर फक्त तुझा फोटो. आम्ही दोघं श्रोत्यांत. तू माइकवरून आम्हाला उभं केलंस आणि म्हणालास, "ही माझी टीम." टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले, हात जोडले, हसले. बाहेर आल्यावर मात्र मी तुला स्टँडच्या भर गर्दीत सुनावलं. माझी म्हणजे काय? आम्ही काय तुझी बैलजोडी आहोत? तू शालीची घडी करत शांतपणे म्हणालास, "'माही माय' म्हणतो मी. तं माय काय माह्या मालकीची झाली?" त्या भांडणात शेवटचा शब्द तुझा झाला, यावर मी अजून चिडलेली आहे.

सगळं वाईटच का आठवावं? तू जऊळका स्टेशनवर पॅसेंजरची वाट बघणाऱ्या लोकांच्या हातात फोन द्यायचास, "काका, जरा पाह्यता का?" म्हणून. लोक खेळायचे आणि तू कधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा नाहीस. बघायचास फक्त अंगठ्याकडे. मी एकदा विचारलं तर म्हणालास, तोंड लाजेकाजेनं हसते, अंगठा खरं सांगते. त्या दिवसापासून मीही लोकांचे अंगठे बघते. तुझ्या तेरवीच्या पंगतीतसुद्धा बघत होते. अंगठ्यानं वरण कालवणारे किती हात, आणि त्यांतला तुझा नाही, एवढ्यावरून मला ताटावरून उठावं लागलं.

'पांदण' सुरू झाला आणि तू शब्दाला जागलास. माझ्या वावरात तू मजूर म्हणून आलास. मजूर कसला, प्रत्येक तासाला धुऱ्यावर बसून मालकाला अक्कल शिकवणारा. पण आलास. गोष्ट एवढीच होती, की एक बाई निंदण करून संध्याकाळी घरी निघालीय, डोक्यावर चाऱ्याचा भारा, पावसानं शेतातल्या वाटेचा, पांदणीचा, पार चिखल झालाय, आणि तिला दिवे लागायच्या आत घरी पोचायचंय. मी ठरवलं होतं की ती पहिल्या पावलालाच चपला काढून टाकेल आणि अनवाणी चालेल. चिखलाशी तिचं भांडण नसावं असं माझ्या मनात होतं. तू तो कागद वाचलास, तोंड वाकडं केलंस आणि दोन दिवस लॅपटॉपला चिकटून बसलास. मग खेळात तिच्या पायात चप्पल घालूनच आलास.

काळ्या मातीत तिची चप्पल रुतायची. डोक्यावर भारा, वाकता येत नाही. मग पायाच्या अंगठ्यानं चपलेचा बंद घट्ट धरायचा आणि हळूच, अगदी हळूच, पाय वर ओढायचा. घाई केली की बंद सुटतो आणि चप्पल आणखी खाली जाते. हे सगळं पडद्यावर आपल्या हाताच्या अंगठ्यानं करायचं, दाबून धरत, जपत. हाताचा अंगठा आणि पायाचा अंगठा तू एक करून टाकला होतास. खेळून बघितलं तेव्हा माझ्या पायाची बोटं टेबलाखाली आपोआप आखडली. मी तुला हे सांगितलं नाही. "खेळणाऱ्याचा जीव जाईल," एवढंच म्हटलं.

"चिखलात कोणाचा जात नाई?"

"वावर कोणाचं आहे, मंग्या?"

"तुह्यंच हाय. म्या कुठं नाई म्हणलं?"

पुढे काय, मी चप्पल काढायची आणि तू परत घालायचास. काम म्हणून तू माझं सगळं ऐकलंस. पाऊस कुठे वाढवायचा, घराचा दिवा कुठे दिसायचा, शेवटी कोण दारात उभं असायचं, सगळं माझ्या म्हणण्याप्रमाणे. चपलेवरून मात्र एक इंचभर हलला नाहीस. आसिफची वेगळीच रड होती. त्याला चप्पल सुटतानाचा आवाज सापडत नव्हता. त्यानं ओलं फडकं आपटलं, भिजवलेल्या कणकेत बोटं घालून ओढली, आणि तू प्रत्येक वेळी डोळे मिटून ऐकायचास आणि म्हणायचास, "हे कणीक हाय." तो आवाज जागेवर यायचाच होता, इतक्यात तुला ताप आला.

साधा ताप म्हणून तू अंगावर काढलास. मग अकोल्याला नेलं. तिथे मी तुला फोनवर लिहून कळवलं की पुण्यातल्या लोकांनाही चिखलातून चप्पल ओढता येत नाहीये, म्हणून मी ती उद्या खेळातूनच कायमची काढून टाकतेय, आता कुरकुर नको. बऱ्याच वेळानं तुझं उत्तर आलं. 'वावर तुह्यं हाय. चप्पल माही हाय. राहू दे.' मी लिहिलं, 'बरा होऊन ये, मग भांडू.' ते तुझ्यापर्यंत पोचल्याच्या खुणा दिसतात, पण त्या निळ्या झाल्या नाहीत. मी अजूनही फोन उघडून बघते. वेडेपणा आहे, कळतं मला.

चप्पल माझ्या कल्पनेपेक्षा चांगली होती, मंगेश. पहिल्या दिवसापासून चांगली होती. तुला इतक्यात जिंकू द्यायचं नव्हतं एवढंच. आणि तूही मला कधी म्हणाला नाहीस, "पाखरं तुझी होती, शुभांगी." आपण दोघंही थांबलो होतो, कोण आधी बोलतं याची वाट बघत.

तर आता या फोनचं काय करायचं? आसिफला विचारलं. तो हेडफोन गळ्यात घालून बसला होता, बऱ्याच दिवसांची दाढी वाढलेली. म्हणाला, "दे दे उसको. मेलेल्या माणसाकून बारी कशी वापस घेशील तू? लोक म्हंतीन, शुभांगी लाश के ऊपर से नाम उठा ले गई." हे माझ्या वर्मी लागलं, कारण मलाही तेच भय होतं. माझं नाव लिहिलं तर मी तुझ्या मरणाचा फायदा घेतला. तुझं लिहिलं तर माझा एकुलता एक खेळ गेला, आणि तू दिलेली जबानही गेली. आपल्या तिघांबाहेर कोणी ऐकलेली नव्हती ती, त्यामुळे कोणाला चुकल्यासारखंही वाटलं नसतं. मी ठरवलं की जऊळक्याला जायचं आणि तुझ्या आईला विचारायचं. आतून मला पक्कं वाटत होतं की त्या म्हणतील, माझ्या पोराचं नाव लाव. आणि मग मी लावलं असतं.

काकू ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मला बघून सूप बाजूला ठेवलं, पण रडल्या नाहीत. म्हणाल्या, "ये वं पोरी. जेवली काय?" मी सगळं सांगितलं. खेळ काय, पडदा काय हे सांगायला वेळ लागला, पण धनजचं रोडग्यांचं जेवण आणि सावडीची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी मध्येच मान हलवली. ती गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळली होती.

"दाखव बरं," त्या म्हणाल्या. "याच्यात माह्या पोराचं काय हाय?"

मी फोन हातात दिला. भारा घेतलेली बाई निघाली, चार पावलं गेली आणि चप्पल रुतली. काकूंनी अंगठा जोरात ओढला. चप्पल आणखी खाली. "अवं बाप्पा, फसली!" त्या स्वतःशीच हसल्या. तू गेल्यानंतर त्या घरात कोणी पहिल्यांदा हसलं असेल. मग त्यांनी पदराला हात पुसला, अंगठा परत ठेवला आणि दम धरून हळूहळू वर नेला. चप्पल निघाली.

"हे त्याचं," मी म्हटलं.

"अन् बाकीचं?"

"पाऊस, रस्ता, ही बाई, तिचं घर, हे माझं. आवाज आसिफचे."

त्या बराच वेळ बाईला चालवत राहिल्या. मग पडद्यावरून नजर न उचलता म्हणाल्या, "त्यानं जे केलं थेच लिह्य. जास्त नको लिहू. जास्त लिह्यलं तं लोकं इचारतीन, हे काहून असं केलं, थे काहून तसं केलं. अन् थो सांगाले नाई."

मंगेश, मी तिथे ओसरीवर ढसाढसा रडले. थो सांगाले नाई. इतके दिवस माणसं मला धीर देत होती, तू आमच्या मनात आहेस, तुझ्या कामात आहेस, असलं काहीबाही. तू नाहीस हे मला सरळ पहिल्यांदा तुझ्या आईनं सांगितलं.

मला वाटलं, झालं, आता उठावं. पण काकूंनी फोन माझ्याकडे दिला आणि विचारलं, "म्हंजे त्याची बारी अर्धीच राह्यली न? तुह्यं वावर पुरं झालं नाई अजून."

"थोडंच राहिलंय. तुम्ही त्याचा विचार नका करू."

"कसा नाई करू? घरचं माणूस गेलं म्हणून सावड बुडत नाई वं. घरातलं दुसरं कोणी जाते. काय काम राह्यलं सांग. मी येतो."

मी म्हणणार होते, काकू, हे तसलं काम नाही. मग एकदम आठवलं की काम राहिलंय, आणि ते कणकेनं काही होत नाहीये.

दोन दिवसांनी आसिफला घेऊन गेले. आदल्या रात्री चांगला बरसला होता, तुमच्या घरामागच्या पांदणीत पोटरीएवढा चिखल. आसिफनं यंत्र पॉलिथिनमध्ये गुंडाळलं आणि जमिनीलगत माइक धरून गुडघ्यावर बसला. आम्ही काकूंना म्हटलं, नुसतं चाला. त्या म्हणाल्या, "डोक्यावर भारा नसला तं पाय तसा पडत नाई," आणि गोठ्यातून भारा आणला. मीच तो त्यांच्या डोक्यावर चढवला. शेजारची एक म्हातारी कुंपणावरून ओरडली, "अवं, पोराची तेरवी होत नाई तं काय करून राह्यली चिखलात?" काकू वळल्या नाहीत. "त्याची सावड हाय," म्हणाल्या आणि पाय टाकला.

चप्पल रुतली. त्यांनी अंगठा आवळला आणि ओढली. मी जवळच उभी होते, मला तो आवाज नुसताच ऐकू आला. आसिफला हेडफोनमधून काय ऐकू आलं देव जाणे, त्यानं डोळे मिटले आणि त्याची दाढी भिजायला लागली. काकू थांबल्या नाहीत. पांदणीच्या वळणापर्यंत गेल्या, परत आल्या. मध्ये एकदा त्यांचा श्वास अडकला आणि त्या नुसत्याच उभ्या राहिल्या, भाऱ्याखाली, एक पाय चिखलात. आम्ही दोघांनीही पुढे व्हायचं धाडस केलं नाही. मग त्यांनी पाय ओढला. तो श्वास आम्ही कापला नाही, खेळात तसाच ठेवलाय.

पाय धुताना आसिफनं विचारलं, "काकू, आपका नाम बताओ ना. पडद्यावर लिहायचं हाय." मी ओशाळले. इतकी वर्षं त्या घरी जेवले आणि मलाही नाव माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं, शांता. पण मी फोनमध्ये टिपून घ्यायला लागले तशी त्यांनी माझा हात धरला.

"थे नको लिहू. मंगेशची माय लिह्य."

मी मी आहे, मंगेश. सवयीनं वाद घालायला लागले. काम तुम्ही केलं, काकू, तर नाव तुमचं पाहिजे, कोणाची तरी आई म्हणून कशाला? त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या गालाला ओला हात लावला. "माहं नाव मले कायले पाह्यजे? मंगेशची माय लिह्यलं तं त्याचं नाव आणखीन एक बारी येते."

मी तसंच टिपून घेतलं.

पुण्याच्या बाई नाराज झाल्या. मीही तुझ्यासारखं गोड बोलून नाही म्हणायचा प्रयत्न केला. जमला नाही, थोडा आवाज चढला. पण पडदा मी सांगितला तसाच राहणार आहे. 'पांदण. शुभांगीचा खेळ.' त्याखाली, चपलेचं काम मंगेशचं. आवाज आसिफचे. चिखलातलं पाऊल, मंगेशची माय. तुझ्या कामाहून एक शब्द जास्त नाही आणि एक कमी नाही. तुला राग आला असेल तर येऊ दे.

एक मात्र मला आधी कळलं नव्हतं. आमच्याकडे सावड बाकी असली की माणूस येतोच. उशिरा येतो, कुरकुरत येतो, पण त्याला यावंच लागतं. इतके दिवस मी तुझ्यावर चिडले होते तेव्हा आत कुठेतरी तोच भरवसा होता, की मंग्याची बारी राहिलीय, तो जाईल कुठे. पण तुझ्या आईनं ती बारी फेडली. तू माझं आता काही देणं लागत नाहीस.